लेक धनुष्य घेऊन परदेशी निघते तेव्हा



गटाच्या बैठकीत आपण कर्जाचे हप्ते, शेळ्या, शिलाई मशीन, मुलींची शिक्षणं अशा कितीतरी गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तुमच्या लेकीची, भाचीची किंवा गल्लीतल्या एखाद्या मुलीची तिरंदाजीत निवड झाली आणि तिला पहिल्यांदाच परदेशी स्पर्धेला जायचं आहे. तर घरच्यांनी काय तयारी करायची?

कुणी म्हणेल, "बाई, आमच्या गावात कुठलं आलंय हे?" तर ऐका. २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या बर्लिन शहरात तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. कंपाउंड प्रकारात महिलांमध्ये पहिली आली ती साताऱ्याची अदिती स्वामी. तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांमध्ये पहिला आला नागपूरचा ओजस देवतळे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिक खेळून आला. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याचाही मिश्र सांघिक सामना असणार आहे. म्हणजे आज सकाळी शाळेच्या मैदानावर बाण मारणाऱ्या पोरी उद्या विमानतळावर उभ्या राहणार आहेत.

तिथं अडचण खेळाची नसते, सामानाची आणि कागदाची असते. वर्षभर घाम गाळून मुलगी तयार होते. मग पासपोर्टवरचं नाव तिकिटाशी जुळत नाही, बाणांची पेटी दुसऱ्याच शहरात जाते, किंवा घरच्यांनी मायेनं दिलेली सर्दीची गोळी तिला अडचणीत आणते. या गोष्टी आधी माहीत असल्या तर टाळता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं एक सांगते, ते शेवटपर्यंत लक्षात ठेवा. बॅग तिची तिलाच भरू द्या. आईनं शेजारी बसावं, विचारावं, आठवण करावी. पण हात तिचे असावेत. का, ते पुढं कळेल.

आधी बोलावणं खरं आहे का ते बघा

निवड झाल्याचा फोन आला की घरात आनंद होतो, आणि त्या आनंदात पैसे भरले जातात. इथं थांबायचं. "अमुक हजार भरा, मुलीला इंटरनॅशनल स्पर्धेला नेतो" असं सांगून पालकांना गाठणारेही असतात. परदेशातलं गाव आणि चकचकीत पदक एवढ्यावरून स्पर्धा खरी ठरत नाही.

तीन गोष्टी विचारा. निवड चाचणी कुठं झाली आणि कुणी घेतली? निवडीचं पत्र देशाच्या तिरंदाजी संघटनेचं, म्हणजे आर्चरी असोसिएशन ऑफ इंडियाचं आहे का? आणि ही स्पर्धा वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या किंवा आशियाई संघटनेच्या वेळापत्रकात आहे का? हे वेळापत्रक इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. कॉलेजात जाणारी गावातली कुठलीही मुलगी तुम्हाला ते काढून दाखवेल. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही चौकशी करता येते.

खर्च कोण करणार हेही लेखी घ्या. तिकीट, राहणं, जेवण, व्हिसा, विमा, जादा सामानाचे पैसे, यातलं संघटना किंवा सरकार काय देणार आणि घरून काय जाणार? गटातून कर्ज काढायचं असेल तर हा कागद पुढं ठेवूनच काढा. पैसे रोख कुणाच्या हातात देऊ नका. बँकेतून भरा आणि पावती ठेवा.

नाव एकच, सगळीकडं

बँकेत केवायसी करताना नावातल्या एका अक्षरासाठी आपण किती खेपा घातल्या ते आठवा. पासपोर्टचं तसंच आहे. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं आणि शाळेच्या दाखल्यात वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, असा घोळ आपल्याकडं नेहमीचा. निवड व्हायच्या आधीच तो निस्तरून ठेवा. मुलगी राज्य पातळीवर खेळायला लागली की पासपोर्ट काढायला टाकायचा, वाट बघायची नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा. मग पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात दिलेल्या दिवशी मुलीला घेऊन जायचं. १८ वर्षांखालच्या मुलीच्या साध्या पासपोर्टची फी १,००० रुपये आहे. तो ५ वर्षं किंवा तिला १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. मुलगी १५ ते १८ मधली असेल तर १,५०० रुपये भरून १० वर्षांचाही काढता येतो. १७ वर्षांच्या मुलीसाठी कुठला घ्यायचा, हे तुम्हीच हिशेब करून बघा.

लहान वयाच्या मुलीसाठी आईवडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं. नवरा सोडून गेला आहे, सही देत नाही, म्हणून काही आया इथंच हात टेकतात. टेकू नका. एका पालकाची संमती मिळत नसेल तर एकट्या आईनं द्यायचं वेगळं घोषणापत्र आहे. त्याला परिशिष्ट 'क', म्हणजे ॲनेक्श्चर सी म्हणतात. केंद्रात हाच शब्द वापरून विचारा.

बरेच देश पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही काही महिने शिल्लक असावी असं मागतात. सहा महिने शिल्लक असले की बहुतेक ठिकाणी अडत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा असेल तर निदान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. पण तेवढ्यावर राहू नका, दीड-दोन महिने हातात ठेवा. मुलगी १८ च्या आत असेल आणि आईवडील सोबत नसतील तर त्यांचं संमतीपत्र नोटरी करून द्यावं लागतं. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला लागतो. विमानाचं तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर वाचून घ्या.

धनुष्याची पेटी

धनुष्य दोन प्रकारचं असतं. रिकर्व्ह धनुष्य सुटं होतं. मधली मूठ, तिला रायझर म्हणतात, आणि वरखालचे दोन पंख, त्यांना लिंब म्हणतात, वेगळे करून पेटीत बसतात. कंपाउंड धनुष्याला टोकांना चाकं असतात आणि ते कायम ताणलेलं असतं. ते खास यंत्राशिवाय सुटं करता येत नाही. म्हणून ते आख्खंच कडक पेटीत घालायचं. कुठलंही असो, मऊ पिशवीत विमानात द्यायचं नाही. पेटीत कपडे कोंबून मोकळी जागा भरली की धनुष्य आत हलत नाही आणि कपड्यांचीही सोय होते.

धनुष्य आणि बाण विमानात हातात नेता येत नाहीत. ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातच द्यावे लागतात. कात्री, पक्कड, ॲलन की ही हत्यारंही तिथंच ठेवायची. उलट पॉवर बँक आणि सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या पेटीत ठेवायच्या नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच न्यायच्या. बाणाचं टोक चिकटवायला मुलं गॅसची छोटी टॉर्च वापरतात. ती टॉर्च, तिचा गॅस आणि रंगाचे स्प्रे घरीच ठेवायचे.

वजन घरीच करा. किराणा दुकानातला काटाही चालेल. देशातल्या विमानात साधारण १५ किलो सामान फुकट जातं, परदेशी प्रवासाला मर्यादा वेगळी असते. मुलगी पुण्याहून दिल्लीला आणि तिथून पुढं जाणार असेल तर दोन्ही तिकिटांवरचा आकडा बघा. खेळाच्या सामानाचं कंपनीला आधी कळवून ठेवलं तर ऐनवेळी वादावादी होत नाही.

आता खुबी ऐका. सगळे बाण एका पेटीत ठेवू नका. दोन भाग करा. अर्धे बाण आणि एक जादा दोरी एका पेटीत, बाकीचे दुसऱ्या पेटीत. दुसरी पेटी नसेल तर संघातल्या मैत्रिणीशी अदलाबदल करा, तिचे अर्धे आपल्याकडं, आपले अर्धे तिच्याकडं. एक पेटी उशिरा आली तरी कुणाचाच खेळ पुरता बुडत नाही. आपण बाजाराला जाताना सगळे पैसे एकाच पाकिटात ठेवत नाही, तसंच हे. प्रत्येक बाणावर तिचं नाव किंवा आद्याक्षरं लिहिलेली असली पाहिजेत. स्पर्धेचाही तसा नियम आहे.

बोटांवर घालायची चामड्याची पट्टी, म्हणजे फिंगर टॅब, ही मात्र हातातल्या पिशवीत ठेवायची. धनुष्य वेळेला उसनं मिळेल. पण वर्षभर तिच्याच बोटांना वळण लागलेली ती पट्टी उसनी मिळत नाही.

आणि एक वही करायची. दोरी आणि मूठ यांतलं अंतर किती, रिकर्व्हला ते साधारण साडेआठ-नऊ इंच असतं. दोरीवर बाण कुठं बसतो, कोणत्या अंतराला नेमखूण किती नंबरवर, हे सगळं तिच्या हातानं लिहिलेलं हवं. वहीच्या पानांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्याही मोबाइलमध्ये ठेवा. वाटेत स्क्रू ढिला झाला, नेमखूण सरकली, तर ही वही तिला पुन्हा जागेवर आणते.

धनुष्याच्या खरेदीची बिलं सोबत द्या. महाग सामान घेऊन बाहेर जाताना विमानतळावरच्या कस्टम खात्याकडून निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. परत येताना "हे तिकडून विकत आणलं का?" असा प्रश्न आला तर तेच उत्तर.

अधिकाऱ्यानं विचारलं तर

अमेरिकेसारख्या काही देशांत परवाना काढून धनुष्यबाणानं शिकार करता येते. त्या बाणांच्या टोकाला धारदार पाती असतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. जर्मनी आणि ब्रिटनमध्येही धनुष्यानं शिकार करायला परवानगी नाही. म्हणून पेटी उघडायला लावून अधिकारी विचारू शकतो की हे कशासाठी?

मुलीनं घाबरायचं नाही आणि चेष्टाही करायची नाही. "स्पोर्ट्स. टार्गेट आर्चरी," एवढं सरळ सांगायचं, निवडीचं पत्र आणि स्पर्धेचं आमंत्रण दाखवायचं, बाणाचं गुळगुळीत टोक दाखवायचं. ही दोन कागदं पेटीत नव्हे, हातात हवीत. चार इंग्रजी वाक्यं घरी रोज म्हणून घेतली की जीभ अडखळत नाही.

औषधाची पुडी, शिदोरी आणि पॅड

प्रवासाला निघालेल्या लेकीला आपण चार गोळ्या बांधून देतोच. खेळाडूला तसं करायचं नाही. स्पर्धेत लघवीची तपासणी होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत असलेलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर चालत नाही. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा बीटा ब्लॉकर गोळ्या तर तिरंदाजांना स्पर्धेत आणि एरवीही बंद आहेत. त्यांनी हाताचा कंप कमी होतो, म्हणून. "भीती वाटली तर अर्धी घे" असं कुणी सांगितलं तर तिनं ठाम नाही म्हणायचं. कशात काय मिसळलंय ते माहीत नसलेली ताकदीची पावडर किंवा जडीबुटीचं चूर्णही नको. चुकून घेतलं तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात आणि तिच्यावर बंदी येऊ शकते. म्हणून संघाच्या डॉक्टरांना विचारून, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह औषध न्यायचं.

शिदोरीचंही बघा. युरोपात बाहेरून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, पनीर राहू द्या. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, चिक्की असं कोरडं आणि बंद पाकिटातलं द्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला तर खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर सांगावी लागते आणि बुटाला लागलेली मातीसुद्धा बघतात. आपल्या पोरींचे बूट शेतातल्या मैदानावरचे, बाणांची टोकं मातीत घुसलेली. निघायच्या आधी बूट, टोकं, पेटी घासून धुऊन वाळवा.

कपड्यांत रेनकोट आणि उबदार बंडी हवीच, कारण तिरंदाजी पावसातही चालू राहते. जागतिक स्पर्धेत जीन्स चालत नाही आणि बूट पुढून बंद लागतात. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पुरेसे पॅड हातातल्या पिशवीत आणि पेटीत दोन्हीकडं ठेवा. तिकडं वेगळ्या प्रकारचे मिळतात, महागही असतात. पोट दुखलं तर कुणाला सांगायचं हेही ठरवून घ्या. संघासोबत बाई व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक आहेत का, ते निघायच्या आधी विचारणं हा आईचा हक्क आहे. कुणाचं वागणं खटकलं तर गप्प न बसता लगेच घरी आणि त्या बाईंना सांगायचं, हेही तिला स्पष्ट शब्दांत सांगा.

तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर, घरचा नंबर आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता कागदावर लिहून द्या. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. ११२ हा मदतीचा नंबर आपल्याकडं चालतो, तोच युरोपीय संघातल्या देशांतही चालतो. फोनची वेळही ठरवा. जर्मनीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं. आपले रात्रीचे नऊ तेव्हा तिचे संध्याकाळचे साडेपाच.

आठ दिवस आधीची रंगीत तालीम

आता सुरुवातीला सांगितलेल्या गोष्टीकडं येऊ. निघायच्या आठ दिवस आधी सगळं सामान अंगणात मांडा. तिनं यादी वाचत स्वतः पेटी भरायची. मग तुम्ही अधिकारी व्हा आणि विचारा, "हे काय आहे? पासपोर्ट कुठाय? दुसरी दोरी दाखव." पेटी पुन्हा उघडायला लावा. तिनं वही बघून एकटीनं धनुष्य जोडायचं आणि मैदानावर जाऊन त्याच जोडलेल्या धनुष्यानं बाण मारून बघायचे. बाण नेहमीच्या जागी गेले तर वही बरोबर आहे.

प्रशिक्षकांनी जोडून दिलं, दादानं पेटी भरली, आईनं कागद सांभाळले, अशी मुलगी घरी शहाणी दिसते. पण परक्या देशात पहाटे पेटी उघडली आणि पाना कुठं ठेवलाय तेच माहीत नसलं, तर तिचा हात बाण मारायच्या आधीच थरथरतो. स्वतः भरलेल्या पेटीतली वस्तू तिला अंधारातही सापडते.

पेटी खरंच आली नाही तर काय, तेही तालमीतच शिकवा. लांब पेट्या कधी कधी फिरत्या पट्ट्यावर न येता मोठ्या सामानाच्या वेगळ्या खिडकीवर येतात, आधी तिथं बघायचं. तिथंही नसेल तर विमानतळ सोडायचा नाही. सामान देताना मिळालेली चिठ्ठी विमान कंपनीच्या खिडकीवर दाखवून लेखी तक्रार करायची, तिचा नंबर घ्यायचा आणि मग व्यवस्थापकांना सांगायचं. म्हणून ती चिठ्ठी पासपोर्टासोबत ठेवायची आणि पेटीचा आतून-बाहेरून फोटो काढून ठेवायचा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. गावातल्या, शाळेतल्या खेळणाऱ्या मुलींची नावं काढा. तिरंदाजीच नव्हे, कुस्ती, कबड्डी, धावणं, काहीही. त्यांच्या आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुकावरची नावं एकाला एक जुळतात का ते तपासा. ज्यांची जुळत नाहीत त्यांची दुरुस्ती या महिन्यातच सुरू करा. बोलावणं कधी येईल ते सांगता येत नाही. आलं तर कागदासाठी एकही पोर मागं राहू नये.